हातमाग शिकायचा आहे, करवत काठी साडी (करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली) विणायची आहे. नागपुरात राहून जमेल का, आणि यात पुढे काही आहे का?

संत्रानगरी_९६

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरचीच, मनीषनगरला राहते, मिहानमध्ये एका आयटी कंपनीत जॉब करते. घरात विणकर कोणीच नाही, बाबा बँकेत होते आणि आई शाळेत शिकवायची, त्यामुळे हे वेड कुठून आलं म्हणून घरचे विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात मी दरवर्षी जाते आणि बाकी स्टॉल सोडून मागासमोर उभी राहते. मागे भंडाऱ्याच्या एका विणकर काकांना करवत काठी विणताना पाहिलं तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की हे आपल्याला शिकायचं. फक्त बघायचं किंवा विकत घ्यायचं नाही, स्वतः विणायचं.

आता प्रश्न असे आहेत की बाहेरच्या माणसाला, त्यातून मुलीला, कोणी मनापासून शिकवतं का. शनिवार-रविवार करून जमतं का, की जॉब सोडूनच उतरावं लागतं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पॉवरलूमवर काही तासात साडी निघते, प्रिंटमध्ये तर मिनिटात निघते, मग हाताने विणण्याचा नेमका अर्थ काय धरायचा. "आपला वारसा आहे, जपला पाहिजे" हे मला पटतं पण तेवढं पुरत नाही. जे लोक खरंच या कामात आहेत किंवा होते त्यांनी सांगावं. विणकाम नसेल पण दुसरी कुठली हातकारागिरी करत असाल तरी लिहा, मला सगळंच ऐकायचंय.

तांडापेठचा

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सगळं खरं खरं लिहितो, लांबलं तर वाचून घ्या.

आमचं घर कोष्ट्याचं. माह्या आजोबाच्या टाइमले आमच्या गल्लीत घरोघरी खड्डा माग होते, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसाचं, पावड्या, म्हनजे पायानं दाबाच्या पट्ट्या, खाली अन् माग वर. नागपुरी पातळ, धोतरं, पागोट्याचं कापड हे सगळं इथंच होये. भोसल्याच्या राज्यापासून ही वस्ती विणकराची. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली तवा लोक म्हनत असन का आता हातमाग संपला, पण नाही संपला, उलट मिलचं बारीक सूत घेऊन आमचे लोक विणत राहिले. आता त्या मिलच्या जागेवर मॉल उभा आहे अन् माग काही घरात अजून आहेत. म्हनजे मशीन आली का कारागिरी मेली हा हिशेब एवढा सरळ नाही.

मले जे सांगाचं आहे ते वेगळंच आहे. तुम्ही मेळ्यात जो माणूस पाह्यला तो धोटा, म्हनजे आडवा धागा नेणारं साधन, टाकून रायला होता. त्याच्यामागं घरातल्या दोन-तीन बाया असते ते मेळ्यात दिसत नाही. आमच्या घरी आजी सूत उकलून घे, आई रहाटावर कांड्या, म्हनजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरे, दुपारचं जेवण झालं का परत कांड्या. पांजणीच्या दिवशी तर पहाटेच सगळे रस्त्यावर, ताण्याचं, म्हनजे उभ्या धाग्याचं, लांबच लांब सूत दोन्हीकडून ताणून त्याले खळ लावाची, तुटलेले धागे जोडाचे, ऊन कडक व्हायच्या आत आटपाचं. लहान पोट्टे असले तरी त्याईले काम होतंच. अन् मजुरी ठरे ती साडीमागं, म्हनजे बाबाची. काम चौघाचं, दाम एकाचा.

सगळे म्हनते पॉवरलूमनं हातमाग खाल्ला. खाल्ला, ते खरं आहे. पण आमच्या घरातला माग बंद झाला तो आईनं कांड्या भराचं सोडलं त्या वर्षी. तिले बाहेर शिवणकामाले गेलं तर स्वतःच्या हातात रोख पैसा भेटू लागला. कांड्या भराले मजुरीवर बाई ठेवली तर बाबाच्या हाती काहीच उरत नव्हतं. इतके वर्ष जे फुकट चाललं होतं त्याची किंमत त्या दिवशी समजली. आईनं जे केलं ते बराबरच केलं.

तर तुम्हाले शिकाचं असन तर मागावर बसाची घाई करू नका. पहिले कांडी भरा, सूत उकला, तुटलेला धागा असा जोडा का गाठ मागाच्या फणीतून न अडकता निघून जाईन. ज्याले हे येत नाही तो विणकर नाही, त्याले आयता ताणा लावून द्यावा लागते अन् मग तो फक्त पावडी दाबते. बाहेरच्याले शिकवत नाही असं काही नाही, पण महिन्याभरानं निघून जाणारे पाहून पाहून जुने लोक कंटाळले आहेत. तुम्ही टिकाल असं वाटलं का सगळं सांगतील.

धोटा_आणि_धागा

मी टेक्सटाइल डिझाइन शिकवतो, विदर्भातल्या विणकरांबरोबर बरीच वर्षं काम आहे. वर दादांनी जे लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत, कांडीपासूनच सुरुवात करा.

करवत काठी नेमकी का अवघड आहे ते थोडं सांगतो म्हणजे तुम्हाला किती वेळ लागेल याचा अंदाज येईल. साडीचं अंग टसरचं, म्हणजे रानटी रेशमाचं, काठ बहुतेक वेळा मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेल्या) सुताचा. साध्या कापडात एक धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. इथे तीन धोटे लागतात, डाव्या काठाला एक, मधल्या अंगाला एक आणि उजव्या काठाला एक. अंगाचा आडवा धागा काठाशी आला की तो काठाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवायचा, काठाचा धागाही तसाच मागे फिरवायचा, म्हणजे प्रत्येक ओळीत दोन ठिकाणी सांधा. करवतीचे दाते पाडायचे म्हणजे या सांध्याची जागा ओळीओळीने थोडी पुढे सरकवायची, मग थोडी मागे आणायची. डोळा हलला की दाता वाकडा. वर टसर म्हणजे रानातला धागा, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढणाऱ्या किड्याचा, त्यात जाडबारीकपणा असतोच, त्यामुळे प्रत्येक ओळीला हाताने अंदाज घ्यावा लागतो की किती जोराने ठोकायचं.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले सुती ताण्यावर साधं कापड विणा, आणि कापडाची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी येईपर्यंत दुसरं काही करू नका. नवशिक्याचं कापड आत आत ओढलं जातं कारण धोटा गेल्यावर तो धागा जास्त ताणतो, हे हाताला समजायला वेळ लागतो आणि कोणी सांगून समजत नाही. साधं कापड काही महिन्यांत जमेल. मग एका बाजूला काठ, मग दोन्ही बाजूंना, आणि टसर सगळ्यात शेवटी. तीन धोट्यांचं काम हातात बसायला वर्षं जातात आणि ते शनिवार-रविवारी पूर्ण होणार नाही हे स्पष्ट सांगतो, पण सुरुवात शनिवार-रविवारी नक्की होऊ शकते. मधे लांब गॅप पडू देऊ नका एवढंच.

कुठे जायचं तर नागपुरातलं विणकर सेवा केंद्र हे पहिलं ठिकाण. डिझाइन, रंगाई, मागाची दुरुस्ती हे सगळं जाणणारी माणसं तिथे असतात, प्रशिक्षण मुख्यतः विणकरांसाठी असतं पण जाऊन बोला, फोनवर हे काम होत नाही. भंडारा जिल्ह्यात मोहाडी आणि आंधळगाव ही करवत काठीची जुनी गावं, एका दिवसात जाऊन येता येतं. चंद्रपूर जिल्ह्यात सावलीला नाग विदर्भ चरखा संघाचं टसरचं काम आहे, कोश ते कापड ही पूर्ण साखळी बघायची असेल तर तिकडे जा.

भविष्याबद्दल म्हणाल तर कागदावर बऱ्याच गोष्टी चांगल्या झाल्यात. करवत काठीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक कापडांची नावं घेऊन तरतूद आहे. पण जीआयने नाव जपलं जातं, त्या नावाखाली विणणाऱ्याची मजुरी आपोआप वाढत नाही. ती वेगळी लढूनच वाढवावी लागते.

इतवारीतला_दुकानदार

कापडाच्या धंद्यात आमची ही तिसरी पिढी, एक गोष्ट जोडतो. गिऱ्हाईक वाईट नसतं, त्याला दाखवणारं कोणी नसतं. पॉवरलूमवर जी करवतीची नक्कल निघते त्यात एकच आडवा धागा काठातूनही जातो आणि अंगातूनही, त्यामुळे काठाच्या रंगात अंगाच्या रंगाची झाक येते. खऱ्या तीन धोट्यांच्या साडीत काठाचा रंग भरीव असतो, लाल म्हणजे लालच, कारण ताणाही लाल आणि आडवा धागाही लाल. साडी उजेडात धरून सांध्याची रेघ बघायची. मी गिऱ्हाइकाला दोन्ही साड्या शेजारी ठेवून दाखवतो, बोलतो कमी. ज्यांचं बजेट नसतं ते पॉवरलूमची घेतात आणि त्यात काही वाईट नाही, पण घेताना त्यांना माहीत असतं की काय घेतोय. वाईट तेव्हा वाटतं जेव्हा नक्कल हातमागाच्या भावात विकली जाते. त्यात गिऱ्हाईकही फसतं आणि विणकराचं नावही खराब होतं.

ताई, तुम्ही विणायला शिकाल तेव्हा शिकाल, पण हा फरक चार मैत्रिणींना आजच दाखवा.

सरळ_बोलतो

माझं मत इथल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही पण मनापासून लिहितोय.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात हातमागावर काम करणारे ३५ लाखांच्या आसपास लोक निघाले, १९९५ मध्ये हाच आकडा ६५ लाखांच्या वर होता. आणि त्याच गणनेत जवळपास दोन तृतीयांश विणकर घरांची महिन्याची कमाई ५ हजारांच्या आत आहे. ५ हजार, पूर्ण घराची. आता मला सांगा की अशा घरातल्या पोराने माग सोडून मिहानमध्ये नाहीतर बुटीबोरीला नोकरी धरली तर आपण हळहळ का करायची. माझे मामेभाऊ त्याच वस्तीतले आहेत, त्यांनी सोडलं आणि त्यांची मुलं आज इंजिनिअर आहेत. कला टिकावी म्हणून त्यांनी गरीब राहायचं का?

टसरचंच घ्या. कोशातून धागा काढायला बायका मांडीवर तो धागा घासून पीळ द्यायच्या, पिढ्यानपिढ्या, मांडीची सालटी निघायची, जखमा व्हायच्या. त्यालाही हातकारागिरीच म्हणायचे. आता बुनियाद नावाचं रीलिंग मशीन आलंय आणि केंद्र सरकारने मांडीवरची पद्धत बंद करायचं ठरवलं, मला तर हा हातमागाच्या क्षेत्रातला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. जे हाताने केलंय ते सगळं पवित्र असं मानून चाललो तर त्या बायकांच्या मांड्यांवरचे वळ कोणाला दिसणारच नाहीत.

संत्रानगरी ताई, तुम्ही शिका, जरूर शिका, तुमच्याकडे पगार आहे म्हणून तुम्हाला ते परवडतं. पण विणकराच्या मुलाला "तुझी कला सोडू नकोस" असं कधी सांगू नका.

वर्धेची_काकू

सरळ बोलतो भाऊ, तुमचं म्हणणं मला आवडलं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो.

मी वर्धेला खादीच्या कामात वय काढलं. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तो मगनवाडीत, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. तिथे जाऊन पाहा, ते काही फक्त जुन्या वस्तू मांडायचं ठिकाण म्हणून उभं केलेलं नव्हतं. गावातल्या कारागिरांची अवजारं सुधारायची कशी हाच तिथला रोजचा विषय होता. चरख्याचंच बघा, १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने जास्त सूत काढणारा, खेड्यात दुरुस्त होईल असा चरखा तयार करणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. १९२९ मधले एक लाख! पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथांनी अंबर चरखा काढला. म्हणजे ज्यांना हातकामाचा सगळ्यात जास्त जिव्हाळा होता त्यांनाच अवजार बदलायची सगळ्यात जास्त घाई होती. मांडीवरचा धागा थांबला आणि रीलिंग मशीन आलं, हे त्याच रस्त्यावरचं पाऊल आहे. कारागिरी कुठे संपते असं मला विचाराल तर मी म्हणेन की कामाचा निर्णय जिथे माणसाच्या हातातून जातो तिथे. मोटर लावली म्हणून लगेच संपत नाही आणि हात लागला म्हणून आपोआप होत नाही.

आता ताई, तुझ्या "अर्थ काय" या प्रश्नाकडे येते. १९३७ मध्ये वर्धेला शिक्षण परिषद झाली, त्यातून नई तालीम निघाली, मुलांनी हातकामातून शिकायचं. लोकांना वाटतं की मुलांना टकलीवर (हाताने सूत काततात ती चाती) बसवून सूत काढून घेतलं. मी त्या पद्धतीत शिकलेल्या बाईंकडे शिकले आहे. त्या सूत मोजायला लावायच्या, वजन करायला लावायच्या, मग त्यातून गणित, कापूस कुठून आला त्यातून भूगोल, हा धागा तुटला तर का तुटला ते सांग असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. मला आजही वाटतं की त्या "का तुटला" मध्ये जेवढं शिक्षण होतं तेवढं पुढे कॉलेजात मिळालं नाही. धाग्याशी वाद घालता येत नाही, त्याला पटवता येत नाही, तू चुकीचा ताण दिलास तर तो तुटतोच. तू दिवसभर कम्प्युटरसमोर असतेस ना, तिथे चुकलं की मागे जाता येतं. इथे उसवावं लागतं. हातांना हे कळणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे आणि ती साडी विकली गेली नाही तरी तुझ्याकडे राहते.

पण हा अर्थ तुझ्यासाठी. विणकराच्या घरासाठी पहिला अर्थ मजुरीच, तिथे भाऊंशी माझं काहीच भांडण नाही. मगन संग्रहालयाकडे सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंगाची खादी होते, तिथल्या बायकांशी बोल एकदा.

महालातला_सुतार

मी विणकर नाही, लाकडाचं काम करतो, पण ताईंनी दुसऱ्या कारागिरांनी लिहा म्हटलं म्हणून लिहितो.

आमचा सीझन म्हणजे तान्हा पोळा. बाहेरगावच्यांना सांगतो की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात लहान पोरं लाकडी बैल सजवून काढतात, घरोघरी नेतात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हे सुरू केलं असं सांगतात. आमच्या घरी वडिलांच्या वडिलांपासून बैल घडवतात. पोरांचा बैल छोटा असतो, पण काही घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला सागवानाचा मोठा बैल असतो, तो दर काही वर्षांनी आमच्याकडे दुरुस्तीला येतो, शिंग तुटलं, चाक गेलं, रंग उडाला.

आता बाजारात मशीनने कापलेले बैल येतात, फायबरचे येतात, स्वस्त असतात. आधी मला राग येत होता. मग असं दिसलं की मशीनचा बैल घेणारं घर दोन वर्षांनी नवीन घेतं आणि सागवानाचा घेतलेलं घर परत येतं, पोराच्या पोरासाठी तोच बैल रंगवून नेतं. माझा धंदा आज अर्धा नव्या बैलांवर आणि अर्धा दुरुस्तीवर चालतो. म्हणून ताई तुम्हाला सांगावंसं वाटतं की विणणं शिकाल तेव्हा रफू पण शिका. जुन्या करवती आणि नागपुरी साड्या घराघरात कपाटात पडल्यात, काठ चांगला आहे आणि अंग फाटलंय, कोणाकडे न्यायच्या ते लोकांना माहीतच नाही. तीन धोट्यांचं काम समजणारा माणूसच ती नीट करू शकतो.

अजून एक, विश्वकर्मा योजना २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आली, त्यात १८ कामं आहेत, सुतार आहे, बाहुली-खेळणी करणारे आहेत, टोपली-झाडू-चटई करणारे आहेत. अवजारांसाठी १५ हजार मिळतात आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, पहिलं १ लाख. मी घेतलंय, अवजारं चांगली आली. पण हातमाग विणकर त्या १८ मध्ये नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, तेव्हा त्यात गोंधळ करू नका, बरेच लोक अर्ज भरून बसतात आणि मग वाट बघतात.

बांबू_गडचिरोली

आपल्याकडची चर्चा सगळी हातावर आणि बाजारावर चाललीय, कच्च्या मालावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी बुरड समाजाचा, सूप, टोपल्या, तट्टे हे आमचं काम. कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, काढायला ओला बांबू लागतो, वाळलेला फाटतो, म्हणजे माल वेळेवर मिळाला तरच काम. आमच्यातल्या कितीतरी लोकांनी काम सोडलं ते प्लास्टिकच्या टोपलीमुळे नाही, वनखात्याच्या डेपोवर चकरा मारून बांबू न मिळाल्यामुळे सोडलं.

आमच्या जिल्ह्यातल्या लेखामेंढ्याच्या ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा हक्क मिळाला, वनहक्क कायद्याखाली, देशात पहिल्यांदा. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाड म्हणून धरणं बंद झालं, म्हणजे शेतकऱ्याने बांधावर लावला तर तोडायला आणि न्यायला परवान्याची कटकट नाही. हा बदल कारागिराला कोणत्याही पुरस्कारापेक्षा जास्त उपयोगाचा. टसरचंही तसंच आहे, आमच्या इकडे ढिवर लोक ऐनाच्या झाडावर किडे पाळतात, ते जंगल राहिलं तर कोश, कोश राहिले तर तुमची करवत काठी. ज्याला विणायला शिकायचं आहे त्याने एकदा आरमोरीकडे कोशाच्या हंगामात येऊन बघावं, मी स्वतः दाखवीन.

संत्रानगरी_९६

सगळ्यांचे खूप खूप आभार. मला वाटलं होतं दोन-तीन पत्ते मिळतील, इथे तर इतकं मिळालं की मी सगळं दोनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. तांडापेठचे दादा, तुमच्या आईबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहूच शकले नाही. मेळ्यात मी त्या काकांना किती प्रश्न विचारले, पण कांड्या कोण भरतं हे एकदाही विचारलं नाही, आणि स्टॉलच्या मागे एक काकू बसलेल्या होत्या हे मला आता आठवतंय.

सरळ बोलतो दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी लक्षात ठेवीन. पण एक विचारते, विणकराच्या मुलाने सोडलं आणि माझ्यासारखीने हौसेने धरलं तर हे काम शेवटी फक्त ज्यांना परवडतं त्यांचंच होऊन जाणार नाही का? ते मला नको वाटतं. मला कोणाची जागा घ्यायची नाही. मग मी शिकताना ज्यांच्याकडे शिकेन त्यांना फी काय द्यायची, ते घेतील का, आणि माझ्यासाठी कांड्या भराव्या लागल्या तर त्याचे पैसे वेगळे द्यायचे का? आणि सध्या घरी सरावाला छोटा माग घेऊ का? ऑनलाइन टेबलावरचे माग दिसतात.

सरळ_बोलतो

प्रश्न बरोबर आहे तुमचा आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं नक्की सांगतो की मुलाने सोडलं ते कामाला नाही, त्या दराला सोडलं. माझा एक मामेभाऊ आजही म्हणतो की महिन्याला पंचवीस हजार पडत असते तर मी माग सोडला नसता. तुम्ही शिकायला जाल तेव्हा शिकवणाऱ्याच्या दिवसाची किंमत धरून पैसे द्या, "प्रेमाने शिकवतात" म्हणून फुकट घेऊ नका. त्यांच्या मुलांना दिसलं पाहिजे की या कामाला कोणीतरी दर देतंय.

धोटा_आणि_धागा

माग आत्ता घेऊ नका. टेबलावरचा माग वाईट नाही पण त्यात पावडी नसते, त्यामुळे पाय, हात आणि डोळे एकत्र चालवायची जी लय आहे ती शिकता येत नाही, आणि पुढे खड्डा मागावर बसलात की पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी एक लाकडी चौकट करून घ्या, महालातल्या सुतार दादांकडूनच घ्या हवं तर, त्यावर सुताचा ताणा बांधा आणि दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचा सराव करा. करवतीचा सांधा चौकटीवरही समजतो. रोज थोडं करा.

तांडापेठचा

ताई, फी घेतील, काहून नाही घेणार. माह्या ओळखीचे एक काका आहेत पाचपावलीत, वय झालं पण माग चालू आहे, काकू अजून कांड्या भरतात. मी त्याईच्याशी कालच बोललो. ते म्हनले पोरगी येत असन तर येऊ द्या, पण पहिला महिना काकूपाशी बसन, माझ्यापाशी नाही. अन् पैसे काकूच्या हातात द्याचे, हे माह्या वतीनं मी पक्कं केलं आहे, दोघंही हो म्हनले. रविवारी सकाळी नऊनंतर या, पांजणी असली तर मी आदल्या दिवशी कळवतो, मग सहाले यावं लागन. मेसेज करा, पत्ता देतो. सुती जुने कपडे घाला, खळीचे डाग निघत नाही.